उंट चिंकाऱ्याच्या पंक्तीला बसला तेव्हा : राजस्थानच्या राज्यपशूचं प्रकरण

राजस्थानची मानचिन्हं एका ओळीत म्हटली की थरचं वाळवंट डोळ्यांपुढे उभं राहतं. झाड खेजडी, फूल रोहिडा, पक्षी गोडावण, प्राणी चिंकारा आणि २०१४पासून त्याच्या जोडीला उंट. मराठी वाचकाला यातलं फारसं काही परकं नाही. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. गोडावण म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक. चिंकाऱ्यासाठी तर पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यच राखलं आहे. उंट मात्र आपल्याकडे कायम पाहुणा. मराठेशाहीच्या इतिहासात सांडणीस्वार जागोजागी भेटतो. सांडणी म्हणजे सवारीची, पळायला तेज अशी उंटीण. पण उंटांची पैदास हाच ज्याचा पिढीजात धंदा, असा समाज महाराष्ट्राच्या मातीत रुजला नाही. त्यामुळे उंटाचं काय बिघडलं आहे ते आपल्यापर्यंत बातमीच्या तुकड्यांतून पोचतं आणि तुकड्यांमधून प्रकरण कळत नाही. म्हणून ते सलग मांडतो आहे.

एका सरकारनं एका जनावराला राज्याचा सर्वोच्च मान दिला. पुढच्याच वर्षी त्याच्या रक्षणासाठी कडक कायदा केला. आणि ते जनावर घटतच राहिलं. हे का झालं, हा या प्रकरणातला प्रश्न.

मान कुणाला, कोणत्या वर्गात

गोडावण आणि चिंकारा १९८१ साली राज्यचिन्हं झाले, खेजडी आणि रोहिडा १९८३ साली. या चौघांमध्ये एक साम्य आहे. चारही रानातली आहेत. खेजडी शेताच्या बांधावर उभी असते हे खरं, पण तिला कुणी दावणीला बांधत नाही. गोडावणाची शिकार थांबवा, चिंकाऱ्याला हात लावू नका, खेजडीवर कुऱ्हाड चालवू नका, अशी मनाईची भाषा या चौघांच्या बाबतीत निदान अर्थपूर्ण आहे. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली झाडं वाचवताना ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले. त्यांचं म्हणणंही मुळात एवढंच होतं, की झाडाला हात लावू नका.

२०१४ साली वसुंधरा राजे यांच्या सरकारनं उंटाला राज्यपशू घोषित केलं तेव्हा चिंकाऱ्याचा मान काढून घेतला नाही. वन्य वर्गात चिंकारा, पशुधन वर्गात उंट, अशी दोन आसनं मांडली. कागदावर वर्ग वेगळे ठेवले हे योग्यच झालं. पण रक्षणाची तऱ्हा ठरवताना हा फरक विसरला गेला, आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथेच फिरलं. रानातलं जनावर माणसानं हात आखडता घेतला की सावरतं. पाळीव जनावराचं उलटं असतं. माणसानं हात काढून घेतला की ते संपतं. उंटाला कुणी जंगलात सोडून वाचवू शकत नाही. त्याला राखणारा राखोळी हवा, राखोळ्याच्या घरात चूल पेटायला हवी आणि ती पेटायला उंटापासून चार पैसे मिळायला हवेत.

रायकांचा हिशेब

उंटाचे हे राखोळी म्हणजे रायका, ज्यांना रेबारीही म्हणतात. त्यांच्यातली एक कथा अशी सांगतात, की पार्वतीनं मातीचं एक विचित्र जनावर घडवलं आणि शंकरानं हट्टाखातर त्यात प्राण फुंकले. जनावर पाच पायांचं, त्याला चालता येईना. शंकरानं पाचवा पाय वर ढकलला, त्याचं मदार झालं. मग हे खोडकर जनावर आवरायला कुणीतरी हवं म्हणून पहिला रायका निर्माण केला. म्हणजे त्यांच्या समजुतीत उंट आधी आला आणि माणूस त्याच्यासाठी घडवला गेला. कळपात रोगराई आली की पाबूजी या लोकदेवतेची फड, म्हणजे चित्रांचा लांबलचक पट, लावून भोप्याकडून, म्हणजे गाणाऱ्या पुजाऱ्याकडून, रात्रभर गाथा ऐकायची रीतही याच समाजात आहे.

श्रद्धा अशी असली तर व्यवहारालाही तिची कुंपणं पडणारच. जुन्या रिवाजानुसार रायका उंटाचं मांस खात नाही. दूध घरात पितो, आल्यागेल्याला देतो, पण विकत नाही. दूध विकणं म्हणजे पोटचं पोर विकणं, अशी भावना. सांडणी समाजाबाहेर जाऊ द्यायची नाही, हाही दंडक. मग पैसा कुठून यायचा? फक्त नरांच्या विक्रीतून. कळपाला वळू म्हणून एखाद-दुसराच नर लागतो, बाकीचे दरवर्षी कार्तिकात पुष्करच्या जत्रेत किंवा इतर पशुमेळ्यांत विकायचे. ते गाड्याला, नांगराला, पाण्याच्या वाहतुकीला जात. वाळूत रुतणारी बैलगाडी जिथे थांबते तिथून उंटगाडी पुढे निघते, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

हा धंदा सावकाश चालणारा आहे. सांडणी चार-पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, गाभणकाळ तेरा महिन्यांचा आणि दोन वेतांत साधारण दोन वर्षांचं अंतर. शेळीसारखं वर्षभरात कळप दुप्पट करून घेता येत नाही. एक पिढी हातातून गेली की भरून काढायला दशक लागतं. उंटाचं कोणतंही धोरण आखताना हा काळ आधी डोळ्यांसमोर हवा.

मान मिळण्याआधीच लागलेली घसरण

कायद्यावर सगळं खापर फोडणं अन्यायाचं होईल, कारण घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे. ट्रॅक्टर आला, डांबरी रस्ते आले, जीप आणि मोटरसायकल ढाणीपर्यंत, म्हणजे वाळवंटातल्या वस्तीपर्यंत, पोचली. उंटाचं ओझं वाहण्याचं काम गेलं. १९५८ साली काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्यानं, ज्याला पुढे इंदिरा गांधींचं नाव मिळालं, पश्चिमेकडच्या वैराण पट्ट्यांत पाणी आणलं. शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला यात शंका नाही. पण ज्या मोकळ्या रानात कळप चरायचे तिथे कुंपणं पडली.

चराईचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उंट गवतावर कमी आणि झाडाझुडपांवर जास्त जगतो. खेजडीचा पाला, ज्याला तिकडे लूंग म्हणतात, बोरडी, केर, फोग, जाळ हे त्याचं खाद्य. म्हणजे राज्यपशू राज्यवृक्षावर जगतो. खेजडी घटली की उंटाच्या तोंडचा घास जातो. बिकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडल्या जाण्याविरुद्ध लोक आंदोलनाला बसले ते उगाच नाही. जैसलमेर जिल्ह्यात देगराय मातेचं ओरण आहे. ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवराईचंच मोठं रूप, फक्त त्यात चराईला मुभा असते आणि कुऱ्हाडीला नसते. या ओरणात उंट चरतात, गोडावण उतरतो, आणि तिथूनच वीजवाहिन्या गेल्या आहेत. गोडावणाला समोरचं नीट दिसत नाही, त्याचे डोळे बाजूंना असतात, अंग जड असतं, त्यामुळे तो तारांवर आदळून मरतो. एका राज्याची तीन मानचिन्हं एकाच माळावर एकाच संकटात सापडलेली आहेत आणि तिघांच्या फायली मात्र वेगवेगळ्या खात्यांत.

दक्षिणेकडे, अरवलीच्या पायथ्याशी गोडवाड भागात, चित्र जरा वेगळं आहे. तिथे पावसाळ्यात शेतं पेरलेली असतात, म्हणून रायका कळप घेऊन कुंभलगडच्या डोंगरात चढतात. पिकं निघाली की शेतकरी स्वतःहून बोलावतात, कारण शेतात कळप बसवला की खत मिळतं. आपल्याकडे धनगराची मेंढरं शेतात बसवतात तसंच. पण कुंभलगड १९७१ साली अभयारण्य झालं आणि पुढे चराईवर निर्बंध येत गेले. पावसाळ्याचे ते तीन-चार महिने कळप न्यायचा कुठे, याचं उत्तर रायकांना कुणी दिलं नाही. पोट भरलं नाही की उंट अशक्त होतो, आणि अशक्त उंटाला माश्यांमधून पसरणारा सर्रा हा रोग गाठतो. तिकडे त्याला तिबरसा म्हणतात, तीन वर्षं रेंगाळतो म्हणून. गाभण सांडण्या त्यात गाभडतात.

हे सगळं चालू असताना नरांना गिऱ्हाईक उरलं ते कोण? काही शेतकरी, काही पर्यटनवाले, आणि वाढत्या प्रमाणात कत्तलीसाठी परराज्यात नेणारे व्यापारी. पूजनीय मानलेलं जनावर कसायाकडे जातं आहे हे रायकांनाही सलत होतं. सरकारनं पाऊल उचललं ते या पार्श्वभूमीवर, आणि त्यामागची कळकळ मी खरीच मानतो.

२०१५चा कायदा

उंटाची कत्तल करायची नाही. कत्तलीसाठी राज्याबाहेर न्यायचा नाही. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी, अगदी तात्पुरता जरी बाहेर न्यायचा, तरी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. कायद्याचा गाभा एवढाच. वाचताना त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही.

आता तो पुष्करच्या मैदानावर नेऊन पाहा. हरियाणातला किंवा मध्य प्रदेशातला एखादा शेतकरी एक नर घ्यायला आला आहे. उंट त्याला गाड्यालाच हवा आहे. पण घरी न्यायचा तर आधी सरकारी कचेरी, अर्ज, कारण सिद्ध करणं, आणि एवढं करूनही वाटेत कुणी गाडी अडवली तर जनावर जप्त आणि आपण पोलीस ठाण्यात. एवढी जोखीम तो कशाला घेईल? तो उंट न घेताच परत जातो. बाहेरचं गिऱ्हाईक आटलं तसा भाव कोसळला. पूर्वी ज्या नराला दहा हजारांच्या पटीत किंमत यायची तो दोन-पाच हजारांवर आल्याच्या तक्रारी मेळ्यांमधून येऊ लागल्या. पुष्करला आता उंटांपेक्षा घोडे जास्त दिसतात.

कत्तलीचा व्यापारी मात्र नियम पाळणारा नव्हताच. तो चोरवाटेनं जात राहिला, आणि भाव पडल्यानं त्याला माल स्वस्तात मिळू लागला. कायद्यानं प्रामाणिक खरेदीदाराला बाजारातून हाकललं. रायकाच्या हिशेबात उत्पन्नाची जी एकच बाजू होती ती बंद झाली आणि खर्चाच्या बाजूला काहीही बदललं नाही. घरातला तरुण मुलगा सुरत, मुंबई, पुण्याकडे दुकानात किंवा कारखान्यात कामाला निघाला की कळप विकायला काढणं हा पुढचा टप्पा असतो.

उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण आपण आळशी कारभाऱ्यासाठी वापरतो. इथे उंटाचाच कारभार उंटावरून हाकला गेला, आणि तेही आळसानं नव्हे, मनापासून. कायदा करणाऱ्यांनी खाली उतरून राखोळ्याच्या वहीत एकदा डोकावलं असतं तर परवानगीच्या अटीचा परिणाम तिथेच दिसला असता.

पशुगणनेचे आकडे काय सांगतात

राजस्थानात २००७ साली उंट होते सुमारे ४ लाख २२ हजार. २०१२ साली ३ लाख २६ हजार. २०१९ साली २ लाख १३ हजार. पहिल्या पाच वर्षांत २३ टक्के घट, पुढच्या सात वर्षांत ३५ टक्के. वर्षाला सरासरी काढली तर आधी साधारण पाच टक्के, नंतर सहा टक्के. म्हणजे वेग थोडा वाढला, पण चित्र पालटण्याइतका नाही. शिवाय २०१२ ते २०१९ या काळातली पहिली अडीच-तीन वर्षं कायद्याच्या आधीची आहेत, हेही धरायला हवं.

शेजारी पाहू. हरियाणात असा कायदा नव्हता. तिथे २०१२ ते २०१९मध्ये १९ हजारांचे ५ हजार झाले. गुजरातमध्येही तो नव्हता, तिथे ३० हजारांच्या आसपासचे २८ हजारांच्या आत आले, म्हणजे घट नऊ टक्क्यांची. कायद्यामुळेच उंट संपले असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर हरियाणा त्याला खोटं पाडतो. हरियाणात उंटाचं काम संपलं आणि उंट संपला, बाकी काही कारण शोधावं लागत नाही.

आकड्यांवरून ठामपणे इतकं म्हणता येतं, की मान आणि मनाई दोन्ही मिळून घसरणीला खीळ बसली नाही. देशातले दर शंभरातले जवळपास ८५ उंट राजस्थानात आहेत. तिथे खीळ बसली नाही तर ती इतरत्र कुठे बसणार?

गुजरातची घट कमी का, याचं झटपट उत्तर द्यायचा मोह होतो. कच्छमध्ये उंटपालकांची संघटना उभी राहिली, सरहद डेअरीनं उंटिणीचं दूध घ्यायला सुरुवात केली आणि २०१९च्या जानेवारीत अमूलनं ते बाटलीत भरून बाजारात आणलं. पण ही विक्री पशुगणनेच्या तोंडावरची आहे, तिचं श्रेय त्या आकड्याला देता येणार नाही. कच्छकडून शिकण्यासारखं आहे ते निराळं. तिथे दुधामुळे मादीला किंमत आली. नर विकले गेले नाहीत तरी कळप ठेवण्यात अर्थ उरला.

दूध, आणि उशिरा आलेली मदत

उंटिणीचं दूध पातळ, किंचित खारट, आणि त्याचं दही सहजी लागत नाही. त्यामुळे गाई-म्हशीच्या दुधावर उभ्या असलेल्या डेअरीच्या साच्यात ते बसत नाही. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं त्याची मानकं ठरवली ती २०१६ साली. बिकानेरजवळ जोडबीडला १९८४पासून उंटावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. दुधापासून कुल्फीपर्यंत सगळं तिथे करून दाखवलं गेलं आहे. पाली जिल्ह्यात सादडीला इल्से कोलर-रोलेफसन आणि हनवंतसिंह राठोड यांनी रायकांबरोबर कित्येक वर्षं काम केलं, दूध, लोकर, लेंड्यांपासून कागद असे मार्ग शोधले. दूध विकायचं नाही हा रिवाज काही रायकांनी मोडला. तो मोडताना त्यांना काय वाटलं असेल याचा अंदाज बाहेरच्या माणसानं जपून करावा.

अडचण आहे ती अंतराची. कळप आज इथे, उद्या दहा कोसांवर. दूध काढायचं, थंड करायचं आणि शहरापर्यंत पोचवायचं तर वाटेवर शीतकरणाची सोय हवी. ही सोय कुणी एकटा रायका उभी करू शकत नाही. राज्यपशूसाठी सरकारी तिजोरी उघडायची तर माझ्या मते ती आधी इथे उघडायला हवी होती.

त्याऐवजी २०१६ साली उष्ट्र विकास योजना आली. जन्मलेल्या पिल्लामागे १० हजार रुपये, तीन हप्त्यांत, दीड वर्षाचं होईपर्यंत. कल्पना चुकीची नव्हती, पुढे ती नव्या नावानं परत आणावी लागली. पण पिल्लू जन्मावं म्हणून पैसे द्यायचे आणि मोठं झाल्यावर ते विकायची वाट बंद ठेवायची, या दोन धोरणांची एकमेकांशी गाठच पडली नव्हती. पहिल्यानं कळपात नर वाढतात, दुसऱ्यामुळे ते बिनकामाचे होतात.

नाशिक, मे २०२३

आता हे प्रकरण महाराष्ट्रात येतं. २०२३च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यात उंटांचे तांडे दक्षिणेकडे जाताना लोकांच्या नजरेला पडले. कत्तलीसाठी हैदराबादकडे नेत असल्याचा संशय होता. दीडशेच्या आसपास उंट प्रशासनानं ताब्यात घेतले आणि नाशिकच्या पांजरपोळात व मालेगावकडे ठेवले. चालून चालून त्यांची हाडं वर आली होती. काही दगावले. इथल्या पांजरपोळाला गाई सांभाळायची सवय. उंटाला काय घालावं, आजारी पडला तर कसं ओळखावं, हे कुणाला ठाऊक असणार? मेच्या उन्हात ट्रकमध्ये भरून त्यांना इतक्या लांब पाठवणंही धोक्याचं. शेवटी राजस्थानातून रायका बोलावले. ते आले, उंटांमध्ये मिसळले, आणि कळप पायी चालवत गुजरातमार्गे सिरोहीकडे परत घेऊन गेले.

सव्वा वर्ष आधी, जानेवारी २०२२मध्ये, अमरावती जिल्ह्यातही तळेगाव दशासरला असाच एक तांडा अडवला होता. ५८ उंट, कच्छकडचे. तेही कत्तलीला चालले आहेत असाच आरोप होता. पण त्या उंटांचे मालक पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात कळप घेऊन फिरणारे रबारी, म्हणजे कच्छकडचे रेबारीच, निघाले. न्यायालयानं उंट त्यांना परत दिले, तोवर जनावरं आठवडेच्या आठवडे गोरक्षण संस्थेत बांधून होती. उंट हे चालत चरणारं जनावर, ते एका जागी बांधलं की खंगतं.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत नाही ते कळतं. रस्त्यावरून जाणारा कळप कत्तलीचा की चराईचा, हे लांबून ओळखू येत नाही. नाशिकला संशय आला ते बरं झालं, अमरावतीला त्याच संशयानं राखोळ्यांनाच आरोपी केलं. रायका किंवा रबारी पालकाच्या नावावर कळपाची नोंद असती, उंटांच्या कानाला बिल्ला असता, चराईच्या वाटा आणि महिने दोन्ही राज्यांच्या कागदोपत्री असते, तर ठाणेदाराला पाच मिनिटांत निवाडा करता आला असता. याच नोंदीच्या आधारावर मेळ्यातला खरेदीदारही एका पावतीवर नर घरी नेऊ शकला असता. विकणाऱ्याचा बिल्ला, घेणाऱ्याचं गाव आणि वर्षभरानं त्या गावच्या पशुवैद्यकानं उंट जिवंत पाहिल्याची सही, एवढी साखळी पुरे होती. २०१५च्या कायद्यात कत्तलीची बंदी तशीच ठेवून परवानगीच्या जागी अशी नोंद आणता येते. रायकांच्या बाजूनं बोलणारे लोकही मुळात हेच मागत आले आहेत, बंदी ठेवा, पण बाजार मोकळा करा आणि कुंभलगडची पावसाळी चराई परत द्या.

उंटांचे हाल पाहून ज्या नाशिककरांनी त्या दिवसांत टाक्या भरून पाणी दिलं, चारा आणून टाकला, त्यांच्या मायेबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही तो कळप घरी नेता आला तो उंटाच्या हाकेला ओळखणारी माणसं अजून शिल्लक होती म्हणून. त्यांनी पुढे चालायला सुरुवात केली आणि कळप मागून निघाला.